होमलॅब नोंद: कॅमेरे वेगळे झाले, वायरगार्डचा एमटीयू सापडला

घरच्या नेटवर्कमधले कॅमेरे आणि स्मार्ट प्लग आता स्वतंत्र व्हीलॅनवर (त्याच नेटवर्कमधून वेगळा काढलेला भाग) आहेत. राउटर म्हणून डेबियन लिनक्स टाकलेला मिनी पीसी, फायरवॉल लिनक्सच्याच एनएफटेबल्सचा. त्या व्हीलॅनमधून सुरू होणारं कुठलंही कनेक्शन ना लॅनमध्ये जातं, ना इंटरनेटवर. इंटरनेट तोडलं की कॅमेऱ्यांची घड्याळं भरकटतात, म्हणून राउटरवरच क्रोनी हा वेळ सांगणारा सर्व्हर चालवला आणि डीएचसीपीच्या (उपकरणांना पत्ते वाटणारी सेवा) पर्याय ४२ मधून त्याचा पत्ता दिला. तो पर्याय न वाचणाऱ्या उपकरणांसाठी यूडीपी १२३ (वेळ विचारायचं पोर्ट) राउटरकडेच वळवलाय.

खरा वेळ घेतला वायरगार्डने, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये यायच्या व्हीपीएन बोगद्याने. बाहेरून लॅपटॉप जोडला की हँडशेक होतो, पिंग जातो, एसएसएचने लॉगिनही होतं. मोठ्या फोल्डरची यादी मागवली की टर्मिनल गोठतं. तेही फक्त वायरगार्डच्या सर्व्हरशी आयपीव्ही६ वरून बोलताना.

लहान पॅकेटं जातात आणि मोठी अडकतात, तेव्हा आधी एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी, बाइटमध्ये) तपासावा. प्रत्येक पॅकेटवर चढतात वायरगार्डचे स्वतःचे ३२ बाइट, यूडीपीचे ८, वर आयपीव्ही४ चे २० किंवा आयपीव्ही६ चे ४०. डिफॉल्ट १४२० हा १५०० मधून ८० वजा करूनच येतो. माझ्या मिनी पीसीच्या पुढे मोडेम आहे आणि तो पीपीपीओई (इंटरनेट कंपनीशी जोडायची पद्धत, तिचे ८ बाइट) चालवतो, म्हणजे तिथे उरतात १४९२. १४२० वर हे ओझं चढलं की आयपीव्ही४ वर होणारे १४८० बसतात, आयपीव्ही६ वर होणारे १५०० बसत नाहीत. आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करत नाही. ते टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला ‘पॅकेट टू बिग’ कळवतो. जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणाऱ्या टीसीपीडंपमध्ये १५०० बाइटची पॅकेटं बाहेर पडताना दिसली, उलट निरोप एकही आला नाही.

हिशोबाने (१४९२ वजा ८०) बोगद्यातून १४१२ पर्यंत जायला हवं होतं. तुकडे न करता पिंग पाठवला तर १४०८ गेलं आणि १४०९ अडकलं! हे चार बाइट मला फार आवडले. वायरगार्ड आतलं पॅकेट १६ च्या पटीत भरून मोठं करतं, पण इंटरफेसच्या एमटीयूच्या वर जात नाही. १४०८ ही १६ ची पट, म्हणून तसंच राहतं. १४०९ मात्र थेट १४२० होतं, म्हणजे बाहेर पुन्हा १५००. एमटीयूच १४१२ केला की भरणंही तिथेच थांबतं आणि बाहेर नेमके १४९२ पडतात.

दोन्ही टोकांना १४१२ ठेवलं, यादी झरझर येतेय. बरेच जण यासोबत एमएसएस (टीसीपीच्या एका पॅकेटमधला कमाल डेटा) राउटरवरच कमी करणारा क्लॅम्पचा नियम घालतात. मी घातला नाही, कारण बोगदा लॅपटॉपवरच संपतो आणि तो आपल्या एमटीयूवरून एमएसएस १३७२ स्वतःच सांगतो. तुमच्या फायरवॉलमध्ये आयसीएमपीव्ही६ सरसकट बंद असेल तर प्रकार २ (तोच ‘पॅकेट टू बिग’ निरोप) आजच उघडा.

पुढचं काम दोन नेटवर्क बोगद्याने जोडायचं. तिथे दोन्ही बाजूंच्या मशीनना बोगद्याचा एमटीयू माहीतच नसतो, तेव्हा क्लॅम्प लागेल.