सर्दीची गोळी आणि तार षड्ज

दिवाळी पहाटचे कार्यक्रम जवळ आले की माझ्या व्हॉट्सॲपवर दरवर्षी तोच प्रश्न येतो, ताई घसा बसलाय, काय खाऊ? मग ग्रुपवर ज्याला जे माहीत ते सुरू होतं, कुणी ज्येष्ठमध, कुणी कंकोळ, कुणी हळद-मिठाच्या गुळण्या, कुणी रात्री झोपताना तूप-मिरी. पण अगं तू सध्या गोळी कुठली घेतेयस, हे एकजणही विचारत नाही. दही नको, आइस्क्रीम नको, चिंचेचं तर नावच नको हे आम्हा गाणाऱ्यांना पाठ असतं, पण पर्समध्ये जो गोळ्यांचा पत्ता असतो तो आवाजावर काही करत असेल असं कुणाच्या मनातच येत नाही. तर आज त्याच्यावर लिहिते. मी डॉक्टर नाही, गाण्याचे क्लास घेते, त्यामुळे हे वाचून चालू असलेली गोळी कुणी परस्पर बंद करू नका प्लीज, डॉक्टरांना विचारा. विचारायचं काय, तेवढं मी सांगते.

आधी एक गोष्ट. बायकांचा काळी पाचचा (पेटीवरच्या पाचव्या काळ्या पट्टीचा) सा म्हणजे व्होकल कॉर्ड्स, म्हणजे स्वरयंत्रातल्या आवाज काढणाऱ्या पट्ट्या, सेकंदाला साधारण २३३ वेळा एकमेकींवर येऊन आपटतात, आणि तार सा (वरच्या सप्तकातला सा) लावला की त्याच्या दुप्पट, ४६६. पहाटेच्या कार्यक्रमात आपण किती वेळ गातो त्याचा हिशोब ज्याने त्याने करावा. एवढं आपटूनही त्या सोलवटत नाहीत कारण त्यांच्यावर पातळ चिकट ओलाव्याचा एक थर असतो. आणि हा ओलावा आपण वरून ओतू शकत नाही! पाणी, मध, काढा, चघळायची गोळी यातलं काहीही कॉर्ड्सना लागत नाही, गिळताना स्वरयंत्र वरून झाकलं जातं आणि सगळं अन्ननलिकेत जातं, चुकून लागलंच तर ठसका लागतो. थेट पोचते ती फक्त वाफ. बाकी पाणी पिऊन ते रक्तातून फिरून तिथे ओलावा व्हायला वेळ लागतो, म्हणून स्टेजवर चढताना घटाघट बाटली संपवण्यात फार अर्थ नाही, आदल्या दिवसापासून प्यायला हवं. गोळीसुद्धा अशीच रक्तातूनच कॉर्ड्सपर्यंत पोचते, आणि बऱ्याच गोळ्या तिथे पोचून हा ओलावाच कमी करतात.

सर्वात मोठी गुन्हेगार म्हणजे मेडिकलमधून कुणालाही न विचारता आणलेली सर्दीची गोळी. पत्त्याच्या मागे वाचा, बहुतेक वेळा तीन नावं दिसतील, पॅरासिटामॉल, फिनाइलएफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन. पैकी पॅरासिटामॉल बिचारं निरुपद्रवी. फिनाइलएफ्रिन रक्तवाहिन्या आकसवतं. आणि क्लोरफेनिरामिन हे जुन्या पिढीतलं अँटीहिस्टॅमिन (ॲलर्जी दाबणारं औषध), ते वाहणारं नाक थांबवतं कसं तर सगळीकडचंच पाणी आटवून, नाकाचं आटवायचं आणि घशाचं सोडायचं असा भेदभाव ते करत नाही. शिवाय ते शरीरात रेंगाळतं खूप, म्हणजे रात्री दहाला घेऊन झोपलात तर पहाटे साडेपाचला साउंड चेकच्या वेळी ते अंगात आहेच. मग काय होतं तर नाक एकदम मोकळं, डोकं थोडं जड, आणि पहिला आलाप घेतला की आवाज कोरडा, मंद्रात (खालच्या स्वरांत) घरघर आणि वर गेलं की निसटतोय. आपण म्हणतो सर्दीने आवाज गेला. अर्धा सर्दीने जातो, अर्धा गोळीने.

ज्यांना ॲलर्जीची सर्दी आहे (ऑक्टोबरपासून पुण्या-मुंबईत निम्मं पब्लिक शिंकत असतं) त्यांनी कार्यक्रमाच्या आदल्या रात्री नाही तर काही आठवडे आधी डॉक्टर गाठावा. सेटिरिझिन क्लोरफेनिरामिनपेक्षा कमी कोरडं करतं, फेक्सोफेनाडिन अजून कमी. आणि नाकात मारायचे फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचे स्प्रे तर जागच्या जागी काम करतात, फक्त त्यांना असर दाखवायला काही दिवस लागतात, म्हणून आधी जा म्हणतेय. दुसरे ते चोंदलेलं नाक मिनिटात उघडणारे ड्रॉप्स, झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन वगैरे, ते चार-पाच दिवसांच्या पुढे ओढले की नाक त्यांच्याशिवाय उघडतच नाही. रियाजाच्या पिशवीत कायमची ती बाटली घेऊन फिरणारी माणसं मी पाहिलीयेत.

खोकल्याच्या सिरपचं गंमतशीर आहे. एक प्रकार कफ पातळ करणारा, ब्रोमहेक्सिन किंवा अँब्रॉक्सॉल असलेला. ब्रोमहेक्सिन हे आपल्या अडुळशातल्या व्हॅसिसिन नावाच्या द्रव्यावरून बनवलेलं, आणि अँब्रॉक्सॉल त्याचंच भावंड, म्हणजे आजी अडुळशाची पानं उकळायची ती काही उगाच नाही. घट्ट कफ पातळ झाला तर गाणाऱ्याला बरंच असतं. दुसरा प्रकार कोरडा खोकला दाबणारा, त्यात डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि बऱ्याचदा सोबतीला पुन्हा तेच क्लोरफेनिरामिन. बाटल्या दिसायला सारख्याच, चवही तशीच, त्यामुळे लेबल वाचल्याशिवाय कळत नाही.

चघळायच्या गोळ्यांतलं मेन्थॉल गार लागतं पण ते उघडत वगैरे काही नाही, नुसता भास, आणि फार चघळलं तर काहींचा घसा उलट हुळहुळतो. पण मेन्थॉलचं एक वेळ ठीक आहे, मला खरी भीती वाटते ती घसा बधिर करणाऱ्या गोळ्यांची आणि स्प्रेंची, बेंझोकेन किंवा लिडोकेनवाल्या. घसा दुखतोय म्हणून गळा थांब म्हणत असतो, तोच निरोप आपण कापून टाकतो आणि वर पूर्ण ताकदीने नाट्यपद म्हणतो.

आता पेनकिलर. हा भाग मुलींनी नीट वाचा, कारण हे क्लासमध्ये कुणी बोलत नाही. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड या सगळ्यांनी रक्त गोठायची क्रिया थोडी मंदावते, ॲस्पिरिनचा तर प्लेटलेट्सवरचा (रक्त गोठवणाऱ्या पेशींवरचा) परिणाम आठवडा-दहा दिवस राहतो. एरवी याने काही बिघडत नाही. पण कॉर्ड्समध्ये केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्या असतात, आणि पाळीच्या आधीच्या दिवसांत त्या फुगलेल्या असतात, कॉर्ड्सना थोडी सूज असते, म्हणून त्या दिवसांत आवाज जड वाटतो, वरचे स्वर लागत नाहीत. अशात पेनकिलर घेऊन जोरात गायलं आणि त्यातली एखादी फुटली तर कॉर्डमध्ये रक्त साकळतं आणि आवाज अचानक, अगदी एका ओळीच्या मध्यात जातो. असं झालं तर पूर्ण मौन आणि ताबडतोब ईएनटी (कान-नाक-घशाचे डॉक्टर), गुळण्या करत बसायचं नाही. ॲडेल या ब्रिटिश गायिकेला २०११ मध्ये कॉर्डमधल्या अशाच रक्तस्रावामुळे कार्यक्रम रद्द करून बॉस्टनला ऑपरेशन करून घ्यावं लागलं होतं. युरोपातल्या काही ऑपेरा हाऊसेसमध्ये तर पूर्वी गायिकांना त्या दिवसांत न गाण्याची सवलतच असायची. आपल्याकडे आयोजकाला असं सांगून बघा!

आणि आपल्याकडे पोटात दुखतं म्हणून सर्रास घेतली जाते त्या गोळीत मेफेनॅमिक ॲसिडबरोबर डायसायक्लोमिन असतं, ज्याने तोंड-घसा कोरडा पडतो. म्हणजे एकाच गोळीत दोन्ही! मी असं नाही म्हणत की कळा सोसत गा. गाणं असेल त्या दिवशी पॅरासिटामॉलवर भागतंय का ते डॉक्टरांना विचारा, गरम पाण्याची पिशवी आहेच, आणि नाहीच भागलं तर गोळी घ्या पण चढे आयटेम पुढे ढकला.

त्याच विषयात दुसरी गोळी, पाळी पुढे ढकलायची. गणपतीत, सत्यनारायणाला, देवदर्शनाच्या ट्रिपला घरोघरी घेतात ती नोरेथिस्टेरॉन. तिच्यात थोडा पुरुषी हार्मोनचा गुण असतो. चार दिवस घेतल्याने आवाज घोगरा होईल असं नाही, घाबरू नका, पण दर सणाला ती घेणाऱ्या गायिकेने हे माहीत असू द्यावं. याच्यापेक्षा खूप गंभीर म्हणजे डॅनाझॉल, जी एंडोमेट्रिओसिससाठी (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं त्या आजारासाठी) देतात, आणि अशक्तपणावर 'ताकदीचं' म्हणून टोचतात ते नँड्रोलोनचं इंजेक्शन. याने बाईच्या कॉर्ड्स जाड होऊ शकतात, पट्टी खाली येते, आणि औषध बंद केलं तरी ती परत वर जाईलच असं नाही. बाकी बहुतेक औषधांचा परिणाम औषध थांबलं की ओसरतो, हा बऱ्याचदा नाही ओसरत. म्हणून इंजेक्शन टोचायच्या आधी नाव विचारायचं, लाजायचं नाही.

बॅकस्टेजला अजून एक प्रकार चालतो, स्टिरॉइडची छोटी गोळी. बेटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन घेतलं की कॉर्ड्सची सूज उतरते आणि काही तासांत आवाज खुलतो, हे खरंच होतं, म्हणून तर लोक नादी लागतात. पण सूज उतरते, जखम भरत नाही. मोठा कार्यक्रम, ईएनटीने दुर्बिणीने कॉर्ड्स बघून दिलं तर गोष्ट वेगळी. तबलजीने खिशातून काढून दिलं तर नको.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणारी कॉलेजची मुलं-मुली, तुमचे ओठ जर सालपटं निघेपर्यंत सुकतायत तर घसाही सुकणारच, क्लासमध्ये सांगा म्हणजे आम्ही उगाच तुमच्या रियाजाला दोष देणार नाही. दम्याच्या पंपातल्या स्टिरॉइडने आवाज घोगरा होतो, हा तर नेहमीचाच साइड इफेक्ट, कधी घशात बुरशीही धरते. पंप बंद करायचा नाही, घेतला की खळखळून चूळ भरून थुंकायचं, आणि दाबायचा पंप असेल तर स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावायचा (कॅप्सूल टाकून ओढायच्या मशीनला स्पेसर नसतो). स्टेजची भीती जावी म्हणून प्रोप्रॅनोलॉल (छातीची धडधड कमी करणारी गोळी) घेतात काहीजण, ती दमेकऱ्याने घेणं धोक्याचं आहे, ऐकीव सल्ल्यावर तर अजिबात नको. आणि सगळ्याच गोळ्या आवाजाच्या वाईटावर असतात असं नाही, थायरॉइड कमी झाल्याने जाड, दमलेला झालेला आवाज थायरॉक्सिन सुरू केल्यावर सुधारतो.

आता बीपी. आमच्या ओळखीतले एक कीर्तनकार बुवा, त्यांना कोरडी ढास लागायची, बरोबर निरूपण रंगात आलं की. सगळे काढे झाले, छातीचा एक्सरे झाला, शेवटी कळलं की बीपीची गोळी रामिप्रिल. या कुटुंबातल्या सगळ्या गोळ्या, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, ज्यांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं, त्यांनी काही जणांना अशी ढास लागते, आणि गोळी सुरू केल्यावर कधी महिन्यांनी लागते त्यामुळे संशयच येत नाही. गोळी बदलली की काही आठवड्यांत जाते. बुवांना डॉक्टरांनी टेल्मिसार्टन दिली, ढास गेली, पण पत्त्यावर टेल्मिसार्टनच्या पुढे एक 'एच' होता. हा एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवीवाटे पाणी काढणारं. म्हणजे खोकला गेला आणि कोरड आली. कोरड आली म्हणून बुवांनी ज्येष्ठमधाची कांडी तोंडात धरायला सुरुवात केली, दिवसभर, औषधी आहे म्हणून.

आणि इथे घोटाळा झाला. ज्येष्ठमधाने घशाला बरं वाटतं, मीही कार्यक्रमाआधी एखादा तुकडा धरते. पण त्यात ग्लायसिरायझिन असतं, ते जास्त प्रमाणात रोज पोटात गेलं की बीपी वाढतं आणि शरीरातलं पोटॅशियम घटतं. एचनेही पोटॅशियम घटतंच. म्हणजे ज्या आजारासाठी गोळी घ्यायची तोच आजार कांडीने वाढवायचा, आणि वर दोघांनी मिळून पोटॅशियम पळवायचं. 'नॅचरल' म्हणून डोळे मिटून घेतल्या जाणाऱ्या बाकीच्या गोष्टींचंही थोडं असंच, लसणाच्या कॅप्सूल, जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), फिश ऑइल, व्हिटॅमिन ई हे मोठ्या डोसमध्ये रक्त पातळ करू शकतात, आणि हार्टसाठी रोजची ॲस्पिरिन चालू असलेला माणूस ते वरून घेत असतो आणि डॉक्टरांना सांगतही नाही कारण 'ते काय औषध थोडंच आहे'.

बुवांचं पोटॅशियम रक्ततपासणीत कमी निघालं तेव्हा कांडी बंद झाली. आणि इतक्या वर्षांत त्यांनी डॉक्टरांना पहिल्यांदाच सांगितलं की मी रात्री दोन-अडीच तास उभं राहून कीर्तन करतो, माझं पोट आवाजावर आहे. डॉक्टर म्हणाले, अहो हे आधी नाही का बोलायचं, एच काढून बघू आपण. सध्या बुवा लवंगेवर आहेत. ॲसिडिटीच्या गोळ्यांचं राहिलंच, ते मोठं प्रकरण आहे, पुढच्या वेळी.