मायक्रोलाइटने इंग्लिश खाडीपार: हेडकॉर्न ते ल तुके

इंग्लंडमधल्या केंटच्या हेडकॉर्नहून फ्रान्समधलं ल तुके डोव्हरवरून वळसा घालून गेलं तरी आमच्या सी-42 ला, म्हणजे दोन आसनी, अगदी हलक्या मायक्रोलाइट विमानाला, तासाभराचं. खरं काम त्याआधी घरच्या टेबलावर असतं. सोबत बायको होती आणि तिचा पासपोर्ट भारतीय. दुपारचं जेवून संध्याकाळी परत यायचं असलं तरी शेंगेन व्हिसा लागतोच, ब्रिटनमध्ये राहण्याचा परवाना असून उपयोग नाही. एवढ्याशा विमानाला कोण विचारतंय, असं इथल्या बऱ्याच मराठी मंडळींना वाटतं. विचारतात. उतरल्यावर पहिली मागणी पासपोर्टचीच झाली. शिवाय कुठल्याही गवताळ मैदानावर उतरून चालत नाही. जिथे पोलीस आणि कस्टम्सची सोय आहे तिथेच उतरायचं, तेही आगाऊ कळवून.

दुसरं प्रकरण विमानाच्या कागदांचं. 1944 च्या शिकागो कराराप्रमाणे देश एकमेकांची प्रमाणपत्रं मानतात, पण ती आंतरराष्ट्रीय दर्जाची असली तरच. मायक्रोलाइटला मिळतं 'परमिट टू फ्लाय', म्हणजे देशापुरता उडायचा परवाना. सीमेपलीकडे ते आपोआप चालत नाही. आपलं वैमानिकाचं नॅशनल लायसन्स त्याच माळेतलं. युरोपीय संघानेही हा वर्ग सामायिक नियमांबाहेर ठेवलाय, त्यामुळे फ्रान्सचं एक आणि बेल्जियमचं दुसरं. त्यात ब्रिटनने 2021 मध्ये मायक्रोलाइटच्या एकूण भरलेल्या वजनाची मर्यादा 450 वरून 600 किलोवर नेली. तेव्हा 450 वाल्या मित्राने 'काही लागत नाही रे' म्हटलं, तरी 600 वाल्याने त्यावर जाऊ नये. त्या देशात सध्या काय लागू आहे ते लेखी मिळवा आणि प्रत विमानात ठेवा.

आमचं विमान 450 चं. रिकामं साधारण 270 किलो, आम्ही दोघं दीडशे, उरले तीस. त्यात चाळीसेक लिटर पेट्रोल. एका फेरीला भरपूर, पण फ्रेंच वाइनची पेटी विसरा. दोन बाटल्यांवर समझोता झाला, तोही परतीचं पेट्रोल मोजून.

जाताना आणि येताना दोन्ही वेळा ब्रिटनच्या बॉर्डर फोर्सला जनरल एव्हिएशन रिपोर्ट (विमानाची आणि त्यातल्या माणसांची माहिती) ऑनलाइन भरावा लागतो: उड्डाणाच्या 48 तासांपेक्षा आधी नाही आणि 2 तासांपेक्षा उशिरा नाही. चुकलात तर दंड 10,000 पौंडांपर्यंत जाऊ शकतो. फ्लाइट प्लॅनही, म्हणजे उड्डाणाचा आगाऊ आराखडा, सक्तीचा, आणि त्यातली वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. उन्हाळ्यात ब्रिटन एक तास पुढे, फ्रान्स दोन, म्हणून परतीचा प्लॅन भरताना बोटांवर मोजा, लाज वाटू देऊ नका.

आता पाणी. डोव्हर ते फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं काप ग्री-ने हे अंतर सुमारे 34 किलोमीटर. इंजिन बंद पडलं तर हे विमान उंचीच्या दहापट अंतर तरंगत जातं असं धरा. म्हणजे साडेपाच हजार फुटांवरून जेमतेम सतरा किलोमीटर. वारा विरुद्ध असला की तेवढंही नाही. म्हणून वर हवाई हद्द जिथवर मोकळी आहे तिथवर चढा, आणि चढणं किनारा सोडायच्या आत संपवा. लाइफ जॅकेट सीटमागे नको, अंगावर हवं, आणि फुगवायचं ते विमानाबाहेर पडल्यावरच. आत फुगवलं तर दारातून निघता येणार नाही. लोकेटर बीकन, म्हणजे आपला ठावठिकाणा कळवणारं यंत्र, खिशात, बॅगेत नाही.

वैमानिकांना माहिती देणाऱ्या लंडन इन्फर्मेशन या रेडिओ सेवेला 124.600 मेगाहर्ट्झवर हाक दिली. डोव्हरचे पांढरे कडे मागे पडले आणि इंजिन खडखडतंय असं वाटायला लागलं. पाण्यावर प्रत्येकालाच वाटतं. तेलाचा दाब, तापमान, इंजिनाचे फेरे पाहिले, सगळं जागच्या जागी. 1909 मध्ये फ्रेंच वैमानिक ब्लेरिओने उलट दिशेने ही खाडी ओलांडली तेव्हा त्याच्याकडे साधं होकायंत्रही नव्हतं. खाली मालवाहू जहाजं एकामागोमाग एक चालली होती. वाईट वेळ आलीच तर त्यांच्या जवळ, पण पुढ्यात नाही, असं उतरायचं हे मनात ठेवा.

ल तुकेला टॉवर आहे, तिथे फ्लाइट प्लॅन तेच बंद करतात, म्हणजे तुम्ही पोचल्याची नोंद करतात. परतताना आपल्या छोट्या मैदानावर तसं कुणी नसतं. त्या मैदानाला परदेशातून येणाऱ्या विमानांची मान्यता आहे का, हेही आधीच विचारा. आणि जमिनीवर एक जबाबदार माणूस नेमा. ठरल्या वेळेनंतर अर्ध्या तासात तुम्ही पोचला नाहीत तर फोन फिरवायचं काम त्याचं. पोचलात तर चहाच्या आधी त्याला कळवा.