कळसाचं दर्शन
(माजी विद्यार्थिनी, दहावी १९९४)

आम्हाला मराठी शिकवणारे सर वारकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला रजा टाकून पायी वारी. पण वर्गातल्या एकालाही त्यांनी कधी माळ घालायला सांगितलं नाही. शाळेनं मला जे दिलं, त्यात हे मी सगळ्यात वर ठेवते.

आपलं मंगळवेढं संतांचं गाव. दामाजीपंत, कान्होपात्रा, चोखोबा ही नावं ऐकतच आपण वाढलो. बसवेश्वरही इथं राहून गेले. संतांवर बोलणाऱ्यांची त्यामुळं गावात कधीच वाण नव्हती. सर मात्र चोखोबांचा अभंग शिकवताना भक्तीपाशी थांबत नसत. १३३८ साली वेठीनं बांधली जाणारी गावकुसाची भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले, हे सांगून ते विचारायचे, "ही वेठ त्यांच्याच वाट्याला का आली असेल?" वर्ग गप्प व्हायचा. सरही गप्प राहायचे. उत्तर आयतं हातात द्यायचं नाही, ही त्यांची रीतच होती.

नववीत त्यांनी आम्हाला एसटीनं पंढरपूरला नेलं. आधी नामदेव पायरी, मग समोरची चोखोबांची समाधी. तिथंच उभं राहून त्यांनी साने गुरुजींचं सांगितलं: हे मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी १ मे १९४७ पासून याच गावात उपोषणाला बसले, आणि मंदिर खुलं झालं. मग आम्ही रांगेकडे निघालो, तेव्हा आमची एक मुसलमान मैत्रीण हळूच म्हणाली, "सर, मी बाहेरच थांबते." मुलांत चुळबुळ सुरू झाली. सर तिला म्हणाले, "थांब की. मीही थांबतो." आम्हाला दुसऱ्या बाईंबरोबर आत पाठवलं आणि स्वतः कळसाकडे बघून हात जोडले. वारकरी माणूस पंढरीत जाऊन विठोबाच्या पायांवर डोकं न ठेवता परतला, आणि त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही.

त्याच वर्षीचा डिसेंबर म्हणजे १९९२ चा. अयोध्येची बातमी आली, पाठोपाठ मुंबईची. मोठ्यांची घरातली भाषा बदलली आणि ती दप्तरातून वर्गात आली. त्या मैत्रिणीशेजारची जागा रिकामी राहू लागली. सरांनी कुणाला रागावलं नाही. परिपाठानंतर रोज एकाला उभं करून ते विचारत, "तुझ्या घरी प्रार्थना कशी करतात? ती करून माणसानं कसं व्हावं, असं घरचे म्हणतात?" त्यासाठी आम्हाला घरी आजी-आजोबांना विचारत बसावं लागलं. स्वतःच्या घरचं इतकं तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा सरांनी सांगितलं, की तुकोबांची पालखी देहूतून निघते तेव्हा पहिली अभंग-आरती अनगडशाहबाबांच्या दर्ग्यापाशी होते. तो विसावा त्यांनी वारीत स्वतः पाहिलेला होता. काही दिवसांत ती रिकामी जागा भरली.

आज मी सोलापुरात मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. रमजानात सहरीसाठी स्वयंपाकघर पहाटे उघडतं. एक मुलगी इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय न्याहारीला बसत नाही, दुसऱ्या खोलीत बुद्धवंदना होते. मोबाईलवर येणारं विष इथंही येतं. तसा मेसेज फिरला, की मी मुलींना जेवणघरात बसवते आणि सरांचाच प्रश्न विचारते. वाद मिटतोच असं नाही. पण जिच्या धर्मावर मेसेज आहे ती समोर बसून आपल्या आईच्या उपवासाबद्दल बोलू लागली, की तो पुढं पाठवणाऱ्या मुलीची नजर खाली जाते. दुसऱ्याला वाढवायचं तर आपल्या वाटेवर ओढायचं नसतं, त्याला त्याच्याच विहिरीत खोल उतरू द्यायचं असतं, हे मला याच कामात पटलं.

सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेला एक विनंती आहे. परिपाठातला आठवड्याचा एक दिवस सरांच्या त्या प्रश्नासाठी ठेवावा. मुलांना बोलू द्यावं, शिक्षकांनी फक्त ऐकावं. सुरुवातीच्या काही तासांना मी सोलापूरहून आनंदानं येईन.