आमची वाटचाल : चालणारा पंप आणि बरोबर चालणारा पंप

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, त्यामुळे आमच्या दुरुस्तीच्या दुकानाला कधी माशा मारत बसावं लागलं नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि सक्शन मशीन, बीपीची मशीन यांवर हात बसवला. तेव्हा बहुतेक वॉर्डांत सिस्टर घड्याळ धरून सलाइनचे थेंब मोजायच्या. तासाला 100 मिली द्यायचं तर मिलीला 20 थेंब पाडणाऱ्या सेटवर मिनिटाला 33. पेशंटनं हात दुमडला की हिशेब कोलमडला.

मग सिरिंज पंप यायला लागले, म्हणजे सिरिंजमधलं औषध ठरलेल्या वेगानं हळूहळू पेशंटला देणारी मशीन. पहिला उघडला तेव्हा, खरं सांगतो, हिरमोड झाला. आत एक स्टेपर मोटर, आट्यांचा दांडा आणि दट्ट्या पुढं ढकलणारी पकड. बस. बॅटरी बदल, गिअर बदल, पंप फिरला की बिल फाड, असं बरेच दिवस चाललं.

एका आयसीयूतून सिस्टरांचा फोन आला. "दादा, तुमचा पंप चालतोय झकास, पण सिरिंज वेळेआधी संपतीय."

मोटर तपासली, दांडा तपासला, सगळं ठीक. शेवटी नजर गेली सिरिंजवर. दवाखान्यानं कंपनी बदलली होती, पंपातलं सेटिंग जुन्याच कंपनीचं. पंपाला मिली कळत नाहीत हो! दट्ट्या किती मिलिमीटर सरकवायचा एवढंच त्याला ठाऊक. मिलीचा हिशेब तो सिरिंजच्या व्यासावरून मांडतो. नवी 50 मिलीची सिरिंज आतून जरा रुंद, म्हणून औषध जास्त जात होतं. त्या पंपावर नॉरॲड, म्हणजे पडलेलं बीपी वर आणणारं औषध, असतं तर? त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या आठवड्यात उधारीवर सोनाराकडं असतो तसला काटा आणला. 1 मिली पाणी म्हणजे 1 ग्रॅम. दुरुस्त झालेला प्रत्येक पंप तासभर काट्यावरच्या भांड्यात पाणी सोडतो. ते उडून जाऊ नये म्हणून वर तेलाचा थर. 5 टक्क्यांच्या बाहेर गेला की पंप परत टेबलावर. नळी दाबून ऑक्लूजनचा, म्हणजे नळी अडल्याचा, अलार्मही बघतो, तोही कमी वेगावर. तासाला 1 मिलीवर अलार्म वाजायला फार वेळ लागतो, आणि अडथळा सुटला की साठलेलं औषध एकदम आत जातं. म्हणून नळी सोडवण्याआधी दाब उतरवा, हे आम्ही नव्या सिस्टरांना हातात पंप देऊन दाखवतो. त्याचे पैसे घेत नाही.

तपासणीचे मात्र घेतो. "चालतोय ना, मग तपासायचं कसलं?" म्हणणारी दोन गिऱ्हाइकं त्यापायी गेली. त्यातलं एक परवा परत आलं, तीन पंप पिशवीत घालून.