सोलापूर ते अंकोला : राष्ट्रीय महामार्ग ५२ वरून दुचाकीने, आणि बरोबर नेलेल्या उपकरणांविषयी

राष्ट्रीय महामार्ग ५२ पंजाबातील संगरूरहून निघतो, धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड आणि तुळजापूर करीत सोलापुरात येतो आणि येथून विजापूर, हुबळी, यल्लापूर या मार्गाने उत्तर कन्नड जिल्ह्यातील अंकोल्याला पोहोचून संपतो. सोलापुरात आपण त्याला केवळ विजापूर रोड म्हणतो आणि सैफुल-सोरेगावपर्यंतच त्याची रोजची ओळख असते. दारावरून जाणारा हा रस्ता थेट समुद्राला भिडतो, हे लहानपणापासून ऐकले होते. यंदा जानेवारीत, सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपल्यानंतरच्या आठवड्यात, मी, माझा चुलतभाऊ आणि आमचा एक मित्र, असे तिघे जण तीन गाड्यांवरून तो शेवटपर्यंत पाहून आलो. पाच दिवसांत गोकर्णसह सुमारे साडेनऊशे किलोमीटर प्रवास झाला. वाटेतील स्थळांची माहिती अनेकांनी लिहिलेली आहे. म्हणून येथे मुख्यतः गाडीवर आणि हेल्मेटमध्ये बसवलेल्या नव्या उपकरणांनी कोठे साथ दिली आणि कोठे दिली नाही, हे सांगतो, कारण निघण्यापूर्वी मला नेमकी हीच माहिती हवी होती आणि ती मराठीत मिळत नव्हती.

पहाटे सहाला निघालो. वडकबाळला सीना, टाकळीला भीमा आणि पुलापलीकडे कर्नाटकातील धूळखेड; तेथून झळकी, होर्ती करीत विजापूरपर्यंतचे शंभर किलोमीटर चौपदरी रस्त्यावरून सहज जातात. माझ्या गाडीला क्रूझ कंट्रोल आहे आणि त्याचा खरा उपयोग संपूर्ण प्रवासात याच टप्प्यावर झाला. चौपदरी महामार्गावर दुचाकीला केंद्राने ठरवलेली कमाल वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. मी ७५ वर वेग स्थिर केला की उजव्या मनगटाला विश्रांती मिळते आणि लांबच्या प्रवासात हा आराम लहान नसतो. मात्र या वर्गातील गाड्यांचे क्रूझ कंट्रोल समोरचे काही पाहत नाही, केवळ वेग राखते. पुढच्या वाहनाचे अंतर रडारने मोजून वेग आपोआप कमी करणाऱ्या दुचाकी आता आल्या आहेत, पण त्या महागड्या वर्गातच. म्हणून जानेवारीत, ऊस गळिताचा हंगाम भरात असताना, पुढे ट्रॉली दिसताच ब्रेकला बोट लावून ते बंद करण्याची सवय आधी लावून घ्यावी.

विजापुरात गोलघुमटाजवळ चहासाठी थांबलो, तेव्हा टायरमधील हवेचा दाब आणि तापमान मोजणारा मागच्या चाकाचा सेन्सर ३७ पौंड हवा दाखवत होता. घरून निघताना, थंड टायरमध्ये, ती ३३ होती. अनेकांना हा आकडा पाहून धास्ती वाटते आणि ते हवा सोडून देतात. तसे मुळीच करू नये. बंद जागेतील हवा तापली की तिचा दाब वाढतो. टायर पहाटेच्या पंधरा-वीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांपर्यंत तापला तर चार पौंडांची वाढ अगदी स्वाभाविक आहे. गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा हा थंड टायरचा असतो, हे लक्षात ठेवले की पुरते.

हे सविस्तर सांगण्याचे कारण कोल्हारला घडले. विजापूरपासून पुढे कृष्णेवरचा लांबलचक पूल येतो, त्याच्या अलीकडे कोल्हारचे प्रसिद्ध दही मडक्यांतून विकायला ठेवलेले असते. आम्ही घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून आणली होती. दह्याबरोबर ती खावी म्हणून कडुलिंबाच्या सावलीला गाड्या लावल्या. सहज पडद्याकडे पाहिले, तर मागच्या चाकाची हवा ३४ होती. आकडा वाईट नव्हता, घरच्या ३३ पेक्षा जास्तच होता आणि उपकरणानेही काही इशारा दिला नव्हता, कारण त्याची मर्यादा मी २८ वर ठेवली होती. पण टायरचे तापमान विजापुराइतकेच होते. तापमान तेवढेच असताना दाब तीन पौंडांनी उतरला, याचा अर्थ हवा कोठून तरी जात होती. चाक हळूहळू फिरवत त्यावर बाटलीतले पाणी सोडले, तेव्हा खोबणीत रुतलेल्या एका खिळ्याच्या गंजक्या डोक्याभोवती मोहरीएवढे बुडबुडे येताना दिसले.

चाक ट्यूबलेस असल्याने काम रस्त्याकडेलाच झाले. खिळा पकडीने, तो ज्या दिशेने शिरला होता त्याच दिशेने, सरळ बाहेर ओढला. छिद्रात टोच्या फिरवून ते साफ केले. रबराची चिकट दोरी सुईत ओवून, द्रावण लावून, दोन्ही टोके बोटभर बाहेर राहतील एवढी आत दाबली आणि सुई न पिळता झटक्यात मागे घेतली. सुई पिळली की दोरी तिच्याबरोबर बाहेर येते, ही चूक चुलतभावाने पूर्वी केलेली होती. त्यानंतर बॅटरीवर चालणाऱ्या लहान पंपाने हवा भरली. सेन्सर व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बसणारा असेल तर हवा भरण्यापूर्वी तो काढावा लागतो. त्याच्या आतल्या नटाला लहान पाना लागतो आणि तो पाना घरी राहिला तर काम अडते, म्हणून तो किल्लीच्या जुडग्यातच अडकवून ठेवावा. असा सेन्सर व्हॉल्व्हवर वजन टाकतो, त्यामुळे रबरी व्हॉल्व्हऐवजी धातूचा बसवून घेतलेला चांगला. त्या दिवसापासून मी इशाऱ्याची मर्यादा २८ वरून ३० केली आणि प्रत्येक थांब्यावर दाब व तापमान हे दोन्ही आकडे एकत्र वाचण्याचा नियम केला. लांबच्या प्रवासासाठी एकच उपकरण घेण्याइतके पैसे असतील, तर ते हेच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. भरधाव गाडीचे मागचे चाक बसले, तर सावरायला फारसा अवधी मिळत नाही. येथे मात्र तो धोका आम्हाला भाकरी खाताना कळला.

पहिला मुक्काम बदामीला केला. केरूरवरून डावीकडे वळून तेथे जाता येते. तिसऱ्या लेण्यात शके ५००, म्हणजे इसवी सन ५७८ चा मंगलेशाचा शिलालेख आहे आणि तो अवश्य पाहावा. परंतु लेण्यांच्या परिसरातील माकडे गाडीवरच्या टँकबॅगा उघडतात, त्यामुळे फोनचा स्टँड, इंटरकॉम (चालत्या गाडीवरून हेल्मेटमधून एकमेकांशी बोलण्याचा संच) आणि खाण्याच्या वस्तू गाडीवर सोडून जाऊ नयेत.

दुसऱ्या दिवशी कुळगेरी क्रॉसवरून पुन्हा महामार्गाला लागलो. नरगुंद ते नवलगुंद हा काळ्या रानाचा सपाट पट्टा आहे आणि तेथे रस्त्याला सावली जवळपास नाही. माझा फोन हँडलवर, पाणी न शिरणाऱ्या बंद पाकिटात, चार्जिंगला लावलेला होता आणि नकाशा सतत सुरू होता. अकराच्या सुमारास पडदा अंधुक झाला, मग चार्जिंग थांबले आणि शेवटी फोन तापल्याची सूचना देऊन बंद पडला. दोष त्याचा नव्हता: वरून ऊन, आतून चार्जिंगची उष्णता, त्यात पूर्ण तेजाने चालणारा पडदा आणि वारा न लागू देणारे पाकीट, असे चारही बाजूंनी मीच त्याला कोंडले होते. टाकीवर चिकटवलेल्या कागदाच्या चिठ्ठीवर कुळगेरी, नरगुंद, नवलगुंद, हुबळी, कलघटगी, यल्लापूर, अंकोला अशी नावे लिहिलेली होती, त्यामुळे रस्ता चुकला नाही. अशी चिठ्ठी प्रत्येकाने लावावी.

पण खरा बदल मी हुबळीनंतर केला. फोन टँकबॅगेच्या सावलीतल्या कप्प्यात ठेवला, पडदा बंद केला आणि रस्ता फक्त हेल्मेटमधील स्पीकरवरून, मराठी आवाजात, ऐकत गेलो. त्या अडीच तासांत मला जाणवले की आधीचा दीड दिवस मी नकाशाकडे किती वेळा पाहत होतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. दोन सेकंद नजर खाली गेली, तर ४४ मीटर रस्ता न पाहता कापलेला असतो. गाडीच्या मीटरवरच वळणाचा बाण दाखवणारी सोय त्या मानाने बरी, कारण तेथे वाचायला फारसे काही नसते. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसारही वाहन चालवताना हातातील फोनसारखे उपकरण केवळ मार्गदर्शनासाठी आणि चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने वापरता येते. कॅमेऱ्याचा चांगला फोन हँडलवर लावण्यात आणखी एक तोटा आहे: ताकदवान इंजिनांच्या कंपनांनी कॅमेऱ्याची थरथर रोखणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच दिला होता. हँडलवर फोन हवाच असेल, तर कंपन शोषणारा स्टँड घ्यावा आणि जुना फोन लावावा.

आवाजावर विसंबताना एक सावधगिरी आवश्यक आहे. नकाशातील दुचाकीचा पर्याय अंतर वाचवण्यासाठी कधीकधी गावातून, पाणंदीतून रस्ता सुचवतो. सामान लादलेल्या गाडीसाठी तो सोयीचा नसतो. मार्ग आदल्या रात्री वायफायवर तपासून, मधल्या गावांचे थांबे घालून पक्का करावा आणि त्या पट्ट्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा. उपग्रहांवरून जागा कळण्यासाठी मोबाईलची रेंज लागत नाही, त्यामुळे उतरवलेला नकाशा घाटातही चालतो.

आमच्या इंटरकॉमच्या बाबतीत साखळीचा दोष अनुभवाला आला. ब्लूटूथवर तीन संच एकामागे एक जोडलेले असतात. मधला मित्र पेट्रोलसाठी थांबला की पुढचा मी आणि मागचा चुलतभाऊ यांचा संपर्कही तुटत असे. मेश पद्धतीच्या संचांत प्रत्येक जण दुसऱ्या प्रत्येकाशी जोडला जातो आणि एक जण गेला तरी बाकीचे बोलू शकतात. तिघांहून अधिक जण असतील, तर मेशसाठी जास्तीचे पैसे देणे योग्य ठरेल. तरीही इंटरकॉमची किंमत पहिल्याच तासात वसूल झाली होती. होर्तीच्या अलीकडे पुढे गेलेल्या चुलतभावाचा आवाज आला, “दादा, हळू ये की, पुलाच्या तोंडाला खडी पडलीय,” आणि वळणापूर्वीच माझा वेग उतरलेला होता. संगीत आम्ही लावलेच नाही. कानात खुपसायचे इअरफोन टाळावेत. हेल्मेटच्या अस्तरातील कानाच्या खाचेत बसणारे स्पीकर घ्यावेत, म्हणजे मागच्या वाहनाचा हॉर्नही ऐकू येतो. संच क्लॅम्पने बसवावा. त्यासाठी आयएसआय हेल्मेटच्या कवचाला भोक पाडणे म्हणजे त्याचे संरक्षणच कमी करणे होय.

यल्लापूरला पेट्रोल भरून, चहा घेऊन, मगच अरबैल घाट उतरावा. दाट जंगल, आंधळी वळणे आणि अवजड ट्रकांची रांग, असा हा उतार आहे. क्लच न दाबता, दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये, इंजिनाच्या ताकदीवर गाडी रोखत उतरलो. १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस बंधनकारक आहे. चाक अडकू लागले की ते ब्रेक क्षणभर सैल करून पुन्हा लावते आणि त्यामुळे हँडल आपल्या ताब्यात राहते. माझ्या गाडीत मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय आहे. ती कच्च्या उतारासाठी आहे, डांबरी घाटात तिला हात लावू नये.

येथे रेंज बराच वेळ जाते. घरी फोनवरून आमचा ठिपका नकाशावर दिसत होता आणि तो एकाच जागी थांबलेला पाहून घरची माणसे घाबरली असती. म्हणून यल्लापुरातूनच आईला सांगितले होते की आता दीड-दोन तास ठिपका हलणार नाही, अंकोल्याला पोहोचलो की फोन करतो. पडल्यावर आपोआप संदेश पाठवणारी ॲप आणि हेल्मेटवरची उपकरणेही रेंजवरच अवलंबून असतात, हे ध्यानात ठेवून घाटात तिघांनी एकमेकांच्या आरशात राहावे. मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गाची १०३३ ही हेल्पलाईन, दोन्ही क्रमांक कागदावरही लिहावेत. पावसाळ्यात मात्र हा प्रवास करू नये. जुलै २०२४ मध्ये अंकोल्याजवळ शिरूर येथे डोंगर महामार्गावर कोसळून माणसे दगावली होती.

अंकोल्याला हा महामार्ग ६६ क्रमांकाच्या किनारी महामार्गाला मिळतो. तेथून गोकर्णला गेलो, एक दिवस विश्रांती घेतली आणि चौथ्या दिवशी त्याच वाटेने परतलो. विजापुरात पोहोचेपर्यंत सूर्य मावळायला आला होता. “दादा, शंभर किलोमीटर तर राहिलंय, जाऊ की,” असे चुलतभाऊ म्हणाला; मी नाही म्हटले आणि आम्ही तेथेच खोली घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकळी ते मंद्रूप या पट्ट्यात कारखान्याकडे निघालेल्या दुहेरी ट्रॉल्या एकामागे एक भेटल्या. त्यांतल्या कित्येकांना मागे दिवा नव्हता, परावर्तक नव्हता आणि ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला होता. गाडीवरच्या एकाही सेन्सरला अंधारात अशी ट्रॉली दिसत नाही. हंगामात सोलापूर जिल्ह्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी सूर्यास्तानंतर दुचाकी चालवू नये, ही विनंती मी मनापासून करतो.

रबरी दोरीचा जोड तात्पुरता समजावा. घरी येताच टायर उतरवून छिद्राला आतून मशरूम पॅच लावून घेतला आणि थंड टायरमध्ये ३३ पौंड हवा भरली. तीन दिवसांनी सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी, सेन्सरवर पाहिले तेव्हाही आकडा ३३ च होता.