ओबामाचा शपथविधी, अण्णा आणि ते एक वाक्य

मंगळवारी, २० जानेवारी २००९ च्या रात्री ओबामाचा शपथविधी बघितला, तेव्हाच लिहिणार होतो पण डोकं इतकं भरून गेलं होतं की काही सुचेना. मग दोन दिवसांत ते भाषण नेटवरून काढून नीट वाचलं, परत वाचलं, आणि आज लिहायला बसलोय. मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

वॉशिंग्टनचे दुपारचे बारा म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. औरंगाबादला थंडी चांगलीच पडलीय, आई आणि बायको झोपून गेल्या, मी आणि अण्णा टीव्हीसमोर. अण्णा दरवर्षी १४ जानेवारीला नामविस्तार दिनासाठी (मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं तो दिवस) गावाकडून येतात, विद्यापीठ गेटवर जाऊन येतात आणि मग थोडे दिवस राहतात, म्हणून योगायोगाने इथं होते. झेडपीचे रिटायर्ड मास्तर, मिलिंद कॉलेजचे विद्यार्थी. मी हिंदी चॅनल लावलं तर तिथं भाषणावर भाषांतर करणारा जोरजोरात बोलत होता, अण्णा म्हणले, "ते इंग्रजीवालं लाव, ह्याला काय मधीमधी बोलायलाय, त्या माणसाचा आवाज ऐकू दे."

गर्दी बघून मी हबकलोच. अंदाजे १८ लाख लोक म्हणतात, आणि तेही शून्याच्या खाली गेलेल्या थंडीत. कॅपिटलच्या, म्हणजे त्यांच्या संसदेच्या पायऱ्यांपासून समोर ते लांबलचक मैदान आणि पार दुसऱ्या टोकाला लिंकनचं स्मारक, जिथं १९६३ च्या ऑगस्टमधे मार्टिन ल्यूथर किंग बोलले होते. ज्या कॅपिटलच्या दारात हा शपथ घेत होता ते बांधायला गुलामांना राबवलं होतं. हात ठेवला तो १८६१ साली लिंकननं शपथ घेतलेल्या बायबलवर.

शपथेत गडबड झाली ते तुम्ही वाचलं असेलच. सरन्यायाधीश रॉबर्ट्सनी एक शब्द भलत्या जागी म्हटला, ओबामा थांबला, मग कसंतरी पुढं सरकलं. नंतर बातमी आली की दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमधे परत शपथ घेतली. मित्रांना ही गंमत वाटली, अण्णांना मात्र हे लई आवडलं. संविधानात जशी लिहिलीय तशीच म्हणायची, एका शब्दाची जागा चुकली तरी परत म्हणायची. मलाही पटलं.

आता भाषण. खरं सांगायचं तर सुरुवातीला मला वाटलं होतं हा टाळ्याबिळ्या घेणार, इलेक्शनच्या वेळी जसं बोलायचा तसं. पण अख्खं भाषण गंभीर होतं. घरं गेली, नोकऱ्या गेल्या, धंदे बंद पडले असं सरळ सांगून टाकलं, म्हणे संकटं खरी आहेत आणि लवकर सुटणार नाहीत. सरकार मोठं की छोटं हा प्रश्नच नाही, ते चालतं का हा प्रश्न आहे, हे वाक्य तर आपल्या प्रत्येक तहसीलच्या भिंतीवर लिहावं असं आहे. पुढं म्हणाला की नुसतं पैसेवाल्यांचं भलं बघून देश फार दिवस भरभराटीत राहू शकत नाही. ख्रिश्चन, मुस्लिम, ज्यू, हिंदू आणि काहीच न मानणारे अशा सगळ्यांचा देश म्हणाला. बौद्धांचं नाव आलं नाही, अण्णा जरा पुढं सरकून वाट बघत होते, पण न मानणाऱ्यांचं नाव एवढ्या मोठ्या जागी घेतलं ह्याचं त्यांना समाधान वाटलं.

आणि मग शेवटाकडं ते वाक्य आलं. माझ्या शब्दांत सांगतो, की साठ वर्षंही झाली नाहीत, तेव्हा ज्याच्या बापाला इथल्या एखाद्या हॉटेलात कदाचित खायलाही दिलं नसतं, तो माणूस आज तुमच्यासमोर उभा राहून सगळ्यात पवित्र शपथ घेऊ शकतो. बस एवढंच. ताणणं नाही, रडणं नाही, कुणाला दोष नाही, लगेच पुढच्या मुद्द्यावर गेला.

अण्णांनी टीव्हीचा आवाज कमी केला. कपबशीची गोष्ट आम्हा भावंडांना तुकड्यातुकड्यानं माहीत होती, त्या रात्री पहिल्यांदा सलग ऐकली. १९६४-६५ चं साल, अण्णांची पहिली नेमणूक, गावात एकच हॉटेल. हॉटेलवाल्याचं पोरगं अण्णांच्याच वर्गात. बाहेरच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप ठेवलेला, तो आपण उचलायचा, वरून चहा ओतून घ्यायचा, प्यायचा, विसळायचा, परत तिथंच ठेवायचा. "पोराला सकाळी बाराखडी शिकवायची आणि दुपारी त्याच्या बापानं असा चहा द्यायचा," अण्णा म्हणले. एकदाच प्याले. तेव्हापासून अण्णा हॉटेलात चहा घेत नाहीत, आजसुद्धा स्टँडवर उतरले की म्हणतात घरी जाऊन पिऊ.

आता ह्यात मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट ही आहे की तेव्हा कायदा होता. अस्पृश्यता बंद करणारं संविधानाचं कलम १७ हे १९५० पासून, अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा १९५५ चा, म्हणजे तो कप कोनाड्यात होता तेव्हा कायद्याला नऊ-दहा वर्षं झालेली. मी मग शोधत बसलो की वॉशिंग्टनमधे काय होतं, तर तिथंही तेच निघालं! हॉटेलवाल्यानं रंग बघून कुणाला परत पाठवू नये असे कायदे त्या शहरात १८७२-७३ मधेच झाले होते आणि नंतर सगळे सोयीनं विसरून गेले. मग १९५० साली मेरी चर्च टेरेल नावाच्या बाई, वय ८६, काही सोबती घेऊन थॉम्पसन नावाच्या हॉटेलात गेल्या, त्यांना वाढलं नाही, आणि ती केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. १९५३ मधे कोर्टानं सांगितलं की ते जुने कायदे अजून लागू आहेत. ८६ व्या वर्षी! ओबामाचं वाक्य ह्या बाईच्या पायावर उभं आहे असं मला वाटतं, आणि टीव्हीवर एकानंही त्यांचं नाव घेतलं नाही ह्याचा राग येतो.

दुसऱ्या दिवशी सगळीकडं एकच चर्चा, आपल्याकडं असं कधी होणार. अण्णा चिडले. दलित समाजातले के. आर. नारायणन १९९७ लाच राष्ट्रपती झाले, अण्णांनी तेव्हा शाळेत पेढे वाटलेत, २००९ मधे मायावती यूपीच्या मुख्यमंत्री होत्या. अण्णांचं बरोबर आहे, पण मला एक फरक वाटतो. आपला राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात. तिकडं साध्या माणसांनी रांगेत उभं राहून ह्याला मतं दिली, त्यात ज्यांच्या आजोबांनी हॉटेलाचं दार लावून घेतलं असेल तेही असणार. आणि आपल्या मराठवाड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात १९७८ च्या जुलैमधे झाला तर दलितांच्या वस्त्या जाळल्या, पोचिराम कांबळेंना मारलं, आणि नाव लागायला १९९४ उजाडलं. एका नावासाठी सोळा वर्षं. त्या १८ लाखांच्या टाळ्या ऐकताना मला सारखं हेच आठवत होतं.

एका जागी मात्र माझं भांडण आहे. गरीब देशांच्या लोकांना उद्देशून म्हणाला की तुमची शेती फुलावी म्हणून आम्ही तुमच्यासोबत काम करू. आमच्या दाजींचा कापूस आहे सेलूकडं. २००८-०९ च्या हंगामात बाहेरचा भाव पडला, व्यापारी क्विंटलला ३००० च्या हमीभावाजवळ येईना, सगळा माल सीसीआय (केंद्राचं कापूस महामंडळ) नाहीतर पणन महासंघाच्या केंद्रावर आणि तिथं गाड्यांच्या रांगा. फोनवर मी त्यांना हे वाक्य सांगितलं तर म्हणले, "मग त्याला म्हणावं तुमच्या शेतकऱ्याला कापसाचं अनुदान देणं आधी कमी करा." अगदी बरोबर. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना एवढा पैसा द्यायची की जगाचा भाव पडायचा, ब्राझील त्यावर डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) गेला आणि २००५ मधे अपिलातही जिंकला, तरी २००९ मधे अनुदान चालूच होतं. ह्याच भाषणात चाबकाचे फटके खाऊन कठीण जमीन नांगरणाऱ्या पूर्वजांची आठवण काढली, त्या जमिनीत बहुतेक कापूसच होता. ज्याला हे बोलता येतं त्याला आफ्रिकेतल्या माली देशाच्या आणि सेलूच्या कापूसवाल्याचं दुखणं कळायला अवघड नाही, म्हणून त्याच्याकडून अपेक्षा जास्त आहे.

अजून एक वाक्य आपल्यासाठी फार महत्त्वाचं आहे. सुरक्षितता की आपली तत्त्वं, ह्यातलं एक निवडा असं जे सांगतात ते खोटं आहे, असं तो म्हणाला. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. आपल्याकडं त्या हल्ल्यात पकडलेल्या कसाबला वकील द्यायचा का ह्यावर भांडणं चालू होती, माझ्या ऑफिसात तर वकील दिला पाहिजे म्हटलं की लोक देशद्रोही असल्यासारखं बघायचे. अण्णांचं म्हणणं एकदम साफ, वकील द्यायलाच पाहिजे, अटक झालेल्याला वकिलाचा हक्क देणारं कलम २२ काय फक्त चांगल्या माणसांसाठी लिहिलंय का, पुरावा आहे ना मग कोर्टात सिद्ध करा. मी पूर्णपणे अण्णांच्या बाजूनं आहे.

काल रात्री (२२ जानेवारी २००९) बातमी आली की दहशतवादाच्या संशयितांना ठेवलेला अमेरिकेचा ग्वांतानामोचा तुरुंग वर्षाच्या आत बंद करायच्या ऑर्डरवर त्यानं सही केली. तिथं तेव्हा अडीचशेच्या आसपास माणसं होती, बऱ्याच जणांवर खटलासुद्धा नव्हता. म्हणजे मुदत २२ जानेवारी २०१० ची. तारीख लिहून ठेवलीय, कापसाच्या अनुदानाचं पण बघतोय, तेव्हा जे झालं असेल ते परत इथंच लिहीन.