सोसायटीच्या ग्रुपवर आधारची पीडीएफ टाकू नका

ई-आधारची पीडीएफ उघडायचा पासवर्ड सगळ्या देशात एकाच साच्याचा आहे: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि त्याला लागून जन्माचं वर्ष. नव्या भाडेकरूने ही फाइल सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, की नाव तर मेसेजवरच असतं. राहिलं वर्ष. तेही त्याच ग्रुपवर कधीतरी केकच्या फोटोखाली ‘पन्नाशीत पदार्पण’ म्हणून येतं. कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला टांगल्यासारखं झालं. काही बँकांच्या स्टेटमेंटचे पासवर्डही नाव आणि जन्मतारखेवरूनच बनतात.

सोशल मीडियाचे धोके म्हटलं की आपलं बोट लगेच हॅकरकडे किंवा परदेशी कंपनीकडे जातं. कंपन्यांचा प्रश्न खराच आहे. पण माझ्या मते आपल्या घरांतली खासगी माहिती जास्त करून बाहेर पडते ती आपल्याच ग्रुपमधून, आपल्याच माणसांच्या हातून आणि बहुतेक वेळा चांगल्या हेतूने.

म्हणून ग्रुप सोडून द्या असं मी म्हणणार नाही. पाण्याच्या टँकरची वेळ, शाळेची सुट्टी, गावाकडचं लग्नकार्य, बाजार समितीतला आजचा भाव, हे सगळं आता तिथेच कळतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे कोण कुठे अडकलंय हे लोकांनी एकमेकांना याच वाटेने कळवलं. परदेशात राहणाऱ्या लेकीला आईच्या औषधाची चिठ्ठी क्षणात दिसते. एवढी सोय दुसऱ्या कशातही नाही. रक्तदात्याची गरज कळवणारा मेसेज तर जीव वाचवू शकतो, मात्र त्यावर तारीख, वेळ आणि रुग्णालयाचं नाव हवं. बिनतारखेचा मेसेज गरज संपल्यावरही फिरत राहतो आणि त्यातल्या नातेवाइकाचा फोन वाजत राहतो.

आता कुलपाची गोष्ट. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये सगळे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्ट केले. मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर बंद होतो, घेणाऱ्याच्या फोनवर उघडतो, वाटेत कंपनीलाही वाचता येत नाही. पण २०० जणांच्या ग्रुपमध्ये घेणारे फोन १९९ असतात! त्यातला एक दुरुस्तीला गेलेला, एक नातवाच्या हातात, एक फ्लॅट विकून गेला तरी ग्रुपमध्येच असलेल्या माणसाचा. शिवाय मजकूर बंद असला तरी कोण कोणाशी, कधी, किती वेळा बोलतं याची नोंद कंपनीकडे होऊ शकते. आणि गूगल ड्राइव्हवर जाणारा बॅकअप आपण स्वतः चालू करेपर्यंत या कुलपात येत नाही. सेटिंग्जमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप, मग एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप. तिथे पासवर्ड ठेवता येतो किंवा ६४ आकडी-अक्षरी किल्ली घेता येते. ती वहीत लिहून कपाटात ठेवा, कारण किल्ली हरवली तर बॅकअप कोणीच उघडून देऊ शकत नाही.

ग्रुपमधली सगळ्यात महागडी गोष्ट म्हणजे आपला नंबर. खातं त्याच्यावरच उभं असतं, आणि ते चोरायची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. कुरियरवाला म्हणून फोन येतो: ‘पत्ता सापडत नाही, पार्सल आणणाऱ्या मुलाशी जोडून देतो, एवढा कोड डायल करा.’ कोड स्टार-२१ किंवा स्टार-४०१ ने सुरू होतो आणि पुढे दहा आकडी नंबर असतो. हा कॉल फॉरवर्डिंगचा कोड आहे. तो लावला की तुमचे येणारे फोन चोराकडे वळतात. मग तो आपल्या फोनवर तुमच्या नंबरने व्हॉट्सॲप सुरू करतो. एसएमएस वळत नाहीत, म्हणून तो पडताळणीचा कोड फोनवरून मागवतो, आणि तो फोन त्याच्याकडेच वाजतो. लगेच तुमच्या नावाने नातेवाइकांना मेसेज: ‘अडचणीत आहे, पाच हजार पाठव, संध्याकाळी देतो.’ खात्री करायला मावशी तुम्हाला फोन लावते, तर तोही चोराकडेच जातो. म्हणून अशा वेळी पहिलं काम ##००२# डायल करणं. त्याने सगळं फॉरवर्डिंग बंद होतं. त्यानंतर व्हॉट्सॲप पुन्हा नोंदवा. एसएमएसवर आलेला सहा आकडी कोड टाकला की चोर त्या क्षणी बाहेर पडतो. त्याने मधल्या वेळात स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला ७ दिवस थांबावं लागतं, पण तोही आत राहत नाही.

ही सात दिवसांची भिंत आधीच आपल्या बाजूने उभी करता येते. सेटिंग्ज, खाते, टू-स्टेप व्हेरिफिकेशन, सहा आकडी पिन, आणि सोबत ईमेल जरूर जोडा, नाहीतर पिन विसरल्यावर तुम्हीच बाहेर अडकाल. जन्मवर्ष किंवा गाडीचा नंबर पिन म्हणून नको. ही एकच गोष्ट केली तरी वरची सगळी चोरी कोड मिळूनही अर्धवट राहते.

दुसरी वाट लिंक्ड डिव्हाइसेसची. फोन सोडून आणखी चार ठिकाणी खातं उघडं राहू शकतं. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी क्यूआर कोड स्कॅन केला आणि लॉगआउट राहिलं, तर त्या संगणकावर तुमचे मेसेज दिसत राहतात. कोणी फोनवरून आठ अक्षरी-आकडी कोड टाकायला सांगितला, तर तेही बहुधा हेच असतं. लिंक्ड डिव्हाइसेसची यादी उघडून अनोळखी नाव दिसलं की काढून टाका. टू-स्टेप पिन इथे कामाला येत नाही, तो नव्याने नोंदणी करताना लागतो.

लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, शेतकरी योजनेची यादी अशा नावांनी ग्रुपवर फाइल येते आणि नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे ॲप. ते टाकलं आणि एसएमएस वाचायची परवानगी दिली, की बँकेचे ओटीपी थेट पलीकडे जातात. चुकून टाकलं गेलंच तर आधी एअरप्लेन मोड लावा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. फाइल ओळखीच्याकडून आली हा पुरावा नव्हे, त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

फोटोंचं थोडक्यात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि त्यातली जागेची नोंद निघून जाते. स्पष्ट दिसावा म्हणून तोच ‘डॉक्युमेंट’ करून पाठवला, तर कॅमेऱ्यात लोकेशन चालू असल्यास घराचा अक्षांश-रेखांशही जातो. मुलांच्या फोटोत गणवेशावरचं शाळेचं चिन्ह आणि मागे रिक्षाचा नंबर असेल, तर मुलाचा रोजचा रस्ता सांगायला आणखी काही लागत नाही. फेसबुकवर मित्रयादी ‘फक्त मी’ करून ठेवा. तुमचा फोटो लावून बनावट खातं काढणारा आधी तीच यादी वाचतो आणि मग एकेकाला रिक्वेस्ट पाठवतो.

अफवांबद्दल बोलताना मला धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा टाळता येत नाही. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या त्या गावात मुलं पळवणारी टोळी समजून मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्याच महिन्यात भारतात फॉरवर्ड करायची मर्यादा पाच चॅटवर आणायचं व्हॉट्सॲपने जाहीर केलं, आणि एप्रिल २०२० पासून खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. दुहेरी बाण दिसला की तो मेसेज याच जातीचा समजा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं, की सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी ॲडमिन आपोआप दोषी ठरत नाही, दोघांचा समान हेतू दिसायला हवा. पण ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, आणि तो अधिकार अशा वेळी वापरलाच पाहिजे.

पुन्हा आधारकडे. भाडेकरूची माहिती घरमालकाने पोलिसांना द्यायची असते, दीडशे शेजाऱ्यांना नाही. सचिवाला प्रत हवीच असेल तर यूआयडीएआय, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून डाउनलोड करताना ‘मास्क्ड’ वर खूण करा. पहिले आठ आकडे झाकले जातात, शेवटचे चार दिसतात. हे महत्त्वाचं, कारण आधारवर पैसे काढायच्या सोयीत आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठ्याचा ठसा एवढंच लागतं. ती सोय वापरत नसाल तर एमआधार ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, लागेल तेव्हा उघडता येतं. आधीच ग्रुपवर गेलेली फाइल सुमारे दोन दिवसांच्या आत ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ ने काढता येते. पुढे पाठवल्या गेलेल्या प्रती मात्र तशाच राहतात.

पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा किंवा सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा, आणि ते त्याच तासात करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने हलवले जातात, आणि वाटेत आहेत तोवरच गोठवता येतात. फोन करताना बँकेचं नाव, रक्कम, व्यवहाराची वेळ आणि यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. आईबाबांच्या फोनमध्ये १९३० आजच सेव्ह करून द्या, आणि शेजारी बसून त्यांच्या व्हॉट्सॲपचा टू-स्टेप पिनही लावून द्या.